तारेवांचून ऐकणारे कान

१८८३ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २७ तारखेस सुंदा सामुद्रधुनींतील क्राकातोआ बेटावरील ज्वालामुखी फुटला. त्या स्फोटाचा आवाज हिंदी महासागरांतील रॉड्रिग्ज बेटावर, म्हणजे सुमारें ४,८०० किलोमीटर अंतरावर, स्पष्ट ऐकूं आला. पूर्वेकडून, दूरवर मोठ्या तोफा डागल्यासारखे आवाज येत आहेत, अशी नोंद तेथील पोलिसांचे प्रमुख जेम्स वॉलिस यांनीं करून ठेविली. ज्या वेळीं ते तोफा समजून तिकडे कान देत होते, त्या वेळीं स्फोट होऊन सुमारें चार तास लोटले होते. ध्वनीला तेवढें अंतर तोडण्यास तेवढा वेळ लागतोच. जगभरच्या वेधशाळांतील वायुभारमापकांच्या कागदांवरहि त्या स्फोटाच्या दाबाची लाट उमटली. ती लाट पृथ्वीभोंवतीं अनेकवार फिरून आली होती, हें निरनिराळ्या ठिकाणचे कागद पुढें शेजारीं शेजारीं मांडून पाहिले तेव्हां कळलें.

या वेधशाळांचें कोणीं जाळें विणलेलें नव्हतें. त्यांपैकीं एकीलाहि आपण ध्वनीचा माग काढण्याच्या कामीं लागलों आहोंत अशी कल्पना नव्हती. तरीहि लाटेचा प्रवास नकाशावर मांडतां आला, याचें कारण एवढेंच कीं, प्रत्येक कागदावर वेळ उमटलेली होती. “मोठा आवाज झाला” असें सांगणारीं हजार माणसें मिळालीं तरी तो कोठें झाला हें ठरत नाहीं; “अमुक क्षणीं ऐकूं आला” असें बिनचूक सांगणारीं तीन-चार माणसें, आणि तीं कोठें उभीं होतीं याची माहिती, एवढें असलें म्हणजे पुरें होतें.

पावसाळ्यांत वीज चमकली कीं घरोघरचीं मुलें आंकडे मोजूं लागतात. प्रकाश तत्क्षणीं पोंचतो, ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर चालतो. म्हणून गडगडाट तीन सेकंदांनीं आला तर वीज एक किलोमीटरवर, सहा सेकंदांनीं आला तर दोन किलोमीटरवर, असा हा हिशेब. परंतु वीज दिसलीच नाहीं, नुसता आवाज आला, तर? अशा वेळीं एका माणसाचें काम नाहीं. दोन माणसें दूर दूर उभीं असलीं आणि एकाला तो आवाज दुसऱ्याच्या एक सेकंद आधीं ऐकूं आला, तर आवाजाची जागा पहिल्याला दुसऱ्यापेक्षां ३४० मीटरांनीं जवळ आहे, इतकें कळतें. अशा सर्व जागा एका वक्ररेषेवर असतात. भूमितींत तिला अपास्त म्हणतात. तिसरा ऐकणारा मिळाला कीं दुसरी वक्ररेषा मिळते, आणि दोन्ही जेथें एकमेकींना छेदतात तेथें आवाजाचें मूळ सांपडतें.

या साध्या भूमितीचा मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला तो रणभूमीवर. पहिल्या महायुद्धांत फ्रेंच, जर्मन व इंग्रज या तिघांनींहि शत्रूच्या दडलेल्या तोफा त्यांच्या आवाजावरून हुडकण्याचे प्रयत्न केले. इंग्रजांकडील हें काम लॉरेन्स ब्रॅग यांच्याकडे आलें. ते त्या वेळीं अवघ्या पंचवीस वर्षांचे होते. क्ष-किरणांच्या साहाय्यानें स्फटिकांची रचना उलगडण्याच्या कामाबद्दल १९१५ चें नोबेल पारितोषिक त्यांना व त्यांचे वडील विल्यम ब्रॅग यांना मिळून जाहीर झालें, तेव्हां मुलगा बेल्जममध्यें आघाडीमागें ध्वनिग्राहकांची जुळवाजुळव करीत होता. दोन-अडीच महिन्यांपूर्वींच त्यांचा धाकटा भाऊ गॅलिपोलीच्या मोहिमेंत मारला गेला होता. ज्या घरीं त्यांचा मुक्काम होता तेथील धर्मोपदेशकानें पारितोषिकाच्या आनंदाप्रीत्यर्थ तळघरांतून ‘लाक्रिमा क्रिस्ती’ नांवाच्या मद्याची बाटली काढून आणली, अशी आठवण ब्रॅग यांनीं सांगितली आहे. हें मद्य व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उतारावरील द्राक्षांचें असतें, आणि त्याच्या नांवाचा अर्थ ‘ख्रिस्ताचे अश्रु’ असा आहे. त्या प्रसंगीं तें नांव अगदींच विसंगत म्हणतां येणार नाहीं.

प्रारंभीं त्यांच्या हातीं असलेले ध्वनिग्राहक कार्बनचे, म्हणजे टेलिफोनांत असत त्या जातीचे होते. ते बंदुकीच्या तीक्ष्ण आवाजाला लगेच दाद देत. ध्वनीहून अधिक वेगानें येणाऱ्या तोफगोळ्याच्या कडाक्यालाहि दाद देत. पण खुद्द तोफेच्या तोंडून निघणारा खोल, मंद ‘धुम्’ त्यांना जवळजवळ ऐकूंच येत नसे. आणि तोफ कोठें आहे हें सांगणारा आवाज तर तोच! त्याचीं बरींचशीं कंपनें माणसाच्या कानाच्या मर्यादेच्याहि खालीं असतात, मात्र त्यांतील दाब मोठा असतो. या गोष्टीचा साक्षात्कार ब्रॅग यांना झाला तो सांगण्यास संकोच वाटावा अशा ठिकाणीं. मुक्कामाच्या घराच्या शौचकूपांत ते बसले असतां जवळची इंग्रजांची सहा इंची तोफ उडे, आणि त्या बंद कोठडींतील हवा त्यांना खालून अलगद उचलून धरी. कानाला ज्याचा पत्ता नाहीं असा हा धक्का मोजावयाचा कसा, हा प्रश्न त्यांच्या मनांत घोळूं लागला.

त्याचें उत्तर उंदरांच्या बिळांतून आलें. ब्रॅग यांच्या तुकडींत विल्यम टकर नांवाचा एक कॉर्पोरल दाखल झाला होता. डांबरी कागदाच्या झोपडींत तो निजत असे, आणि त्याच्या बिछान्यालगतच्या भिंतीला उंदरांनीं पाडलेलीं भोकें होतीं. तोफ उडाली कीं त्या भोकांतून थंड हवेचा झोत त्याच्या तोंडावर येई. टकर हा मूळचा पदार्थविज्ञानाचा अभ्यासक. तापलेली बारीक तार वाऱ्याच्या झोतानें निवते, आणि निवतांच तिचा विद्युत्-रोध घटतो, हें त्याला ठाऊक होतें. एका पेटीला भोक पाडून त्या भोकावर विजेनें तापविलेली प्लॅटिनमची अतिशय बारीक तार ताणून बसविण्यांत आली. १९१६ च्या जूनमध्यें ही युक्ति प्रथम वापरून पाहिली, तेव्हां तोफेचा धुम् ठळक उमटला आणि बंदुकांचा कडकडाट जवळजवळ नाहींसा झाला. यंत्राला काय ऐकूं यावें याइतकेंच त्याला काय ऐकूं येऊं नये हेंहि महत्त्वाचें असतें.

आघाडीच्या मागें सुमारें आठ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यांत असे सहा ध्वनिग्राहक मांडीत. प्रत्येकापासून निघालेली तार एका मध्यवर्ती ठाण्यांत येई. तेथें विद्युत्-मापकांतील बारीक तंतूंच्या सावल्या चालत्या फिल्मवर पडत, आणि त्याच फिल्मवर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या रेषा आंखल्या जात. आवाज एखाद्या ध्वनिग्राहकापाशीं पोंचतांच त्याच्या तंतूची सावली हाले. फिल्म धुवून तिच्यावरील अंतरें मोजलीं कीं कांहीं मिनिटांत तोफेची जागा नकाशावर टिपतां येई.

पण वारा स्वस्थ बसूं देत नसे. वारा ध्वनीला आपल्याबरोबर वाहून नेतो. शिवाय हवा तापली तर ध्वनीची गति वाढते, ती तपमानाच्या दर सेल्सिअस अंशाला सेकंदामागें सुमारें ०.६ मीटर. यावर ब्रॅग यांच्या मंडळींनीं काढलेली तोड मोठी नामी होती. आघाडीच्या पिछाडीस, जागा बिनचूक ठाऊक असलेल्या ठिकाणीं, ठरलेल्या वेळीं मुद्दाम स्फोट करावयाचे, आणि तो आवाज प्रत्येक ध्वनिग्राहकापर्यंत येण्यास किती वेळ लागला हें पाहावयाचें. ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे असें उदाहरण विद्यार्थ्याला घालून त्याची रीत तपासावी, तसाच हा प्रकार. शत्रूची तोफ अज्ञात; तिच्याविषयींचें अनुमान विश्वासार्ह ठरावयाचें तें या ज्ञात आवाजाच्या जोरावर.

या सगळ्या व्यवस्थेचें दुबळें अंग म्हणजे तारा. शत्रूच्या गोळ्यांनीं त्या वारंवार तुटत, आणि भर माऱ्यांत त्या जोडण्यास माणसें धाडावीं लागत. तार तुटण्याचें संकट नको असेल तर तारच नको, असा विचार कोणाच्याहि मनांत येईल. तो प्रत्यक्षांत येण्यास मात्र ऐंशींहून अधिक वर्षें जावीं लागलीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत मुठींत मावतील अशीं लहान बिनतारी यंत्रें तयार होऊं लागलीं. एक संवेदक, एक चिमुकला संगणक, एक बिनतारी संदेशयंत्र आणि बॅटरी, एवढा त्यांचा संसार. इंग्रजींत त्यांना ‘मोट’ म्हणतात. मराठी कानाला या नांवानें विहिरीवरील मोट आठवते, पण इंग्रजी शब्दाचा अर्थ धुळीचा कण असा आहे. प्रत्येक यंत्र आपल्या शेजाऱ्याशीं बोलतें, शेजारी त्याच्या शेजाऱ्याशीं, आणि अशा रीतीनें हातोहात निरोप मुख्य ठाण्यापर्यंत जातो.

येथें एक अडचण उभी राहते, आणि ती प्रथमदर्शनीं ध्यानांतहि येत नाहीं. ब्रॅग यांच्या तारांतून नुसता आवाजाचा निरोप येत नव्हता. त्या सहाहि तारा एकाच खोलींत, एकाच फिल्मवर, एकाच घड्याळाखालीं येत होत्या. तार वेळहि आणीत होती. तार काढून टाकली कीं प्रत्येक यंत्र आपल्या स्वतःच्या घड्याळावर विसंबतें, आणि तीं घड्याळें सारखीं चालत नाहींत. अशा स्वस्त यंत्रांतील स्फटिकाचें घड्याळ दहा लाखांत वीस भाग मागेंपुढें चालणें ही कांहीं मोठी चूक नव्हे. तरी दिवसाच्या अखेरीस तेवढ्यानें जवळजवळ पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो, आणि ध्वनि तेवढ्या वेळांत सुमारें ६०० मीटर जातो. दोन यंत्रांची वेळ जुळत नसेल तर त्यांचे कान कितीहि तिखट असोत, त्यांच्या साक्षीवरून आवाजाची जागा भलतीकडेच निघेल. म्हणून बिनतारी जाळें उभारणें म्हणजे तारेबरोबर गमावलेलें घड्याळ दुसऱ्या मार्गानें परत मिळविणें होय.

तें मिळालें कीं नाहीं हें पाहावयाचें कसें? त्यासाठीं चांचणीचें मैदान लागतें. महाविद्यालयाचें मोकळें प्रांगण या कामीं पुरें होतें. आठ-दहा यंत्रें तेथें मांडावयाचीं, त्यांच्या जागा फितीनें मोजून लिहून ठेवावयाच्या, आणि ठरलेल्या जागीं दोन लांकडी फळ्या एकमेकींवर आपटावयाच्या किंवा फुगा फोडावयाचा. ३४ मीटरांवरील यंत्राला तो आवाज सेकंदाच्या दहाव्या भागानंतर ऐकूं आला पाहिजे. एका ज्ञात यंत्राच्या शेजारीं तारेनें जोडलेला साधा ध्वनिग्राहक साक्षीदार म्हणून ठेवणें शहाणपणाचें, कारण बिनतारी यंत्रानें खोटें सांगितलें तर तें उघडकीस आणणारें दुसरें कोणी तेथें नसतें.

असें मैदान मांडलें कीं पुस्तकांत नसलेल्या गोष्टी पुढें येऊं लागतात. यंत्राच्या मागें पांच मीटरांवर भिंत असली तर मूळ आवाजानंतर सेकंदाच्या सुमारें तीन शतांशांनीं त्याचा पडसाद त्याच यंत्रावर येऊन आदळतो, आणि पुष्कळदां मध्यें एखादा खांब असल्यामुळें पडसादच मूळ आवाजाहून मोठा निघतो. सर्वांत मोठा आवाज टिपणारें यंत्र अशा वेळीं फसतें. सर्वांत आधीं आलेला टिपावा लागतो. दुपारीं एक उत्तर येतें, रात्रीं दुसरें, कारण तपमान बदललेलें असतें. यंत्रांच्या जागा दर वेळीं फितीनें मोजणें कंटाळवाणें होतें, तेव्हां ध्वनीचाच उपयोग करून यंत्रांनीं आपलीं अंतरें आपण मोजावीं अशीहि सोय केलेली आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयांत २००० सालीं सिद्ध झालेल्या ‘क्रिकेट’ नांवाच्या योजनेंत एक यंत्र एकाच क्षणीं बिनतारी संदेश व कानाला न ऐकूं येणारा उच्च ध्वनि असे दोन्ही सोडतें. ऐकणारें यंत्र त्या दोहोंमधील अंतर मोजतें. विजेचा लखलखाट व गडगडाट यांच्यामधील आंकडे मोजणाऱ्या मुलाचीच ही युक्ति, फक्त छपराखालीं आणलेली.

प्रांगणांत जें जमलें तें डोंगरावर जमेल, असा मात्र भरंवसा नाहीं. याचा अनुभव दक्षिण अमेरिकेंतील इक्वेडोर देशांत दोन ज्वालामुखींवर घेतला गेला.

ज्वालामुखीचा कान लावून अभ्यास कशासाठीं करावयाचा, हें आधीं सांगितलें पाहिजे. ज्वालामुखीच्या पोटांतील हालचाल भूकंपमापकाला कळते. पण जमीन हादरली म्हणजे तोंडाशीं स्फोट झालाच असें नाहीं. आंतल्या आंत खडक तडकला तरी जमीन हादरते. ज्वालामुखीनें तोंड उघडून वायु बाहेर फेंकला तरच हवेंत दाबाची लाट उठते. तिचीं कंपनें सेकंदाला वीसांच्या खालीं, बहुधा थोडींच असतात, म्हणजे कानाला न ऐकूं येणारीं, ब्रॅग यांच्या तोफांच्या जातीचीं. भूकंपमापक व मंद्रध्वनिग्राहक हे दोघे शेजारीं ठेविले म्हणजे पोटांतील कुरबूर कोणती आणि उद्रेक कोणता, याचा निवाडा होतो.

हा निवाडा नुसत्या विद्वत्तेचा नाहीं. इक्वेडोरमधील तुंगुराहुआ हा ५,०२३ मीटर उंचीचा ज्वालामुखी १९९९ सालीं पुन्हां जागा झाला. त्याच्या पायथ्याशीं बान्योस हें गांव आहे. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत सरकारनें तें सारें गांव सक्तीनें रिकामें करविलें. आठवडे गेले, अपेक्षिलेला महाउद्रेक कांहीं झाला नाहीं, आणि २००० सालच्या जानेवारींत लोक पहाऱ्याला न जुमानतां आपापल्या घरीं परतले. त्यांना दोष देणें सोपें आहे. पण ज्याचें दुकान, शेत, गुरें मागें राहिलीं, त्याला “अजून थांबा” एवढेंच सांगून किती दिवस थांबवितां येईल? २००६ च्या ऑगस्टमध्यें याच डोंगराच्या उद्रेकांत त्याच्या उतारावरील वस्तींत माणसें दगावलीं. अशा डोंगराविषयीं बोलणाऱ्या यंत्राचें बोलणें विश्वासाचें असावें लागतें.

ज्वालामुखीवर पूर्वीं जीं मापनयंत्रें नेत तीं जड असत. मोटारीच्या बॅटऱ्या, सौरपट्ट्या, नोंदी सांठविण्याचीं यंत्रें हें सर्व वर चढवावें लागे, आणि नोंदी आणण्यास पुन्हां वर जावें लागे. म्हणून एका डोंगरावर फार थोडींच ठाणीं असत. हार्वर्ड विद्यापीठांतील संगणकशास्त्रज्ञ मॅट वेल्श व त्यांचे विद्यार्थी यांनीं जेफ्री जॉन्सन या ज्वालामुखी-अभ्यासकाच्या सहकार्यानें हलक्या बिनतारी यंत्रांचा प्रयोग करावयाचें ठरविलें. पहिला प्रयोग जुलै २००४ मध्यें तुंगुराहुआवर झाला, आणि तो जाणूनबुजून लहान ठेविला होता. मंद्रध्वनि ऐकणारीं तीनच यंत्रें. तीं सेकंदाला १०२ वेळां हवेचा दाब मोजीत आणि नऊ किलोमीटरांवरील ठाण्याकडे बिनतारी मार्गानें धाडीत. वेळेसाठीं एक स्वतंत्र यंत्र उपग्रहांकडून, म्हणजे जी.पी.एस.च्या साहाय्यानें, बिनचूक घटिका घेऊन इतरांना कळवी. चोपन्न तासांहून अधिक काळ नोंद अखंड मिळाली. तेवढ्यांत निदान नऊ मोठे स्फोट टिपले गेले. जवळच तारांनीं जोडलेलीं जुन्या पद्धतीचीं यंत्रें होतीं. त्यांच्या नोंदींशीं या नव्या नोंदी पुढें ताडून पाहण्यांत आल्या. प्रांगणांतला साक्षीदार डोंगरावरहि नेलेला होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढल्या वर्षीं, ऑगस्ट २००५ मध्यें, ही मंडळी रेव्हेंतादोर या दुसऱ्या ज्वालामुखीवर गेलीं. हा डोंगर इक्वेडोरच्या पूर्वेकडील रानांत आहे. नोव्हेंबर २००२ मध्यें त्याचा मोठा उद्रेक झाला, तेव्हां सुमारें ९० किलोमीटरांवरील किटो या राजधानीवर राखेचा थर बसला होता. या वेळीं सोळा यंत्रें होतीं. प्रत्येकांत ध्वनिग्राहक व भूकंपमापक, दोन मोठे कोरडे सेल, पाण्यापासून बचाव करणारी पेटी आणि एक एरियल. सुमारें तीन किलोमीटर लांबीच्या ओळींत तीं मांडलेलीं होतीं. एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जाण्यास ध्वनीला जवळजवळ नऊ सेकंद लागावे.

सोळा यंत्रांनीं सर्व कांहीं अखंड धाडावें इतकी वाट बिनतारी मार्गांत नव्हती. दोन संवेदक, सेकंदाला १०० मापें, असा हिशेब केला तर एका यंत्राच्या एका मिनिटाच्या नोंदी १२,००० होतात. म्हणून प्रत्येक यंत्र शेवटच्या वीस मिनिटांच्या नोंदी आपल्यापाशींच ठेवी आणि कांहीं विशेष ऐकूं आलें तर तेवढाच इशारा मुख्य ठाण्याला देई. एकट्यादुकट्या यंत्राच्या इशाऱ्यावर विश्वास ठेवीत नसत. तो वाऱ्याचा झोतहि असूं शकतो. शेंकडा तीस यंत्रांनीं थोडक्या अवधींत तोच इशारा दिला, तरच मुख्य ठाणें प्रत्येकाकडून साठ सेकंदांच्या नोंदी एकामागून एक मागवून घेई. व्यवस्था सुबक होती, पण तिला एक मोल होतें: नोंदी देण्यांत गुंतलेलें यंत्र त्या वेळीं ऐकत नसे, आणि ज्वालामुखी कांहीं यंत्रांची वाट पाहून फुटत नाहीं. पाठोपाठ झालेले स्फोट त्यामुळें निसटले.

एकोणीस दिवसांत त्या जाळ्यानें भूकंप, उद्रेक वगैरे मिळून २२९ घटना टिपल्या. हा आंकडा ऐकून प्रयोग निर्विघ्न पार पडला असें वाटेल. तसें झालें नाहीं. यंत्रांना दुरून नवी सूचनावली देतांना तिच्यांतील एक दडलेला दोष जागा झाला, आणि सारें जाळें तीन दिवस मुकें पडलें. माणसांना पुन्हां डोंगर चढून यंत्रें हातानें ठीक करावीं लागलीं. मुख्य ठाण्याची वीज मधून मधून जाई. गंमत अशी कीं, ज्यांविषयीं सर्वांत अधिक धास्ती, तीं उतारावरचीं चिमुकलीं यंत्रें बहुतेक टिकलीं. दगा दिला तो सुरक्षित जागीं असलेल्या विजेनें आणि स्वतःच्या हातानें लिहिलेल्या सूचनांनीं.

सर्वांत गंभीर दोष मात्र घड्याळाचाच निघाला. एका ठाण्याला उपग्रहांकडून वेळ मिळे, आणि तेथून ती शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात असे. प्रयोगशाळेंत ही रीत चोख चालली होती. डोंगरावर मात्र मधूनच एखादें यंत्र भलतीच वेळ सांगूं लागे आणि तीच चुकीची वेळ पुढें पसरे. तारा असत्या तर हा प्रश्नच उद्भवला नसता. नोंदी तर हातीं आल्या, पण त्यांतील कोणती केव्हांची हें खात्रीनें सांगतां येईना. आणि वेळ नसलेली ध्वनीची नोंद म्हणजे तारीख नसलेलें पत्र.

सुदैवानें प्रत्येक यंत्राचें स्वतःचें घड्याळ चुकीचें असलें तरी एका चालीनें चालत होतें. ज्या ज्या वेळीं यंत्रानें स्वतःची वेळ व सर्वांची समाईक वेळ अशा दोन्ही कळविल्या होत्या, त्या जोड्या गोळा करून त्यांतील उघड विसंगत जोड्या टाकून देण्यांत आल्या, आणि उरलेल्यांवरून त्या घड्याळाची चाल ठरविण्यांत आली. तेवढ्यावरून प्रत्येक नोंदीची खरी वेळ मागाहून बसविली. ही दुरुस्ती तरी खरी कशावरून? म्हणून प्रयोगशाळेंत यंत्रांना वेळ बिनचूक ठाऊक असलेली खूण पुरवून तीच रीत पुन्हां पारखली, तेव्हां बहुतेक नोंदींची चूक सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आंत भरली. ब्रॅग यांच्या फिल्मवरील रेषाहि तेवढ्याच अंतरानें आंखलेल्या असत. शिवाय रेव्हेंतादोरवर स्वतःचें उपग्रही घड्याळ असलेलीं जुन्या पद्धतीचीं भूकंपमापन-केंद्रें चालूं होतीं. त्यांच्या नोंदींशींहि या नोंदी ताडण्यांत आल्या. या मंडळींनीं आपला निबंध २००६ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत यशाइतकीच जागा या चुकांना दिली आहे. संगणकाच्या विषयांत असा प्रांजळपणा विरळा, आणि तो निबंध आजहि वाचला जातो त्याचें एक कारण तेंच असावें.

दुरुस्त केलेल्या नोंदी मग ज्वालामुखीच्या तोंडापासूनच्या अंतराच्या क्रमानें एकाखालीं एक मांडण्यांत आल्या. वरच्या ओळींत, म्हणजे तोंडाशीं सर्वांत जवळ असलेल्या यंत्राच्या नोंदींत, स्फोटाचा धक्का आधीं दिसतो. त्याखालच्या ओळींत थोडा उजवीकडे सरकलेला. त्याखालीं आणखी सरकलेला. जमिनींतून आलेली लाट जवळजवळ उभ्या रेषेंत सर्वांना झटकन् भेटून गेलेली आहे, आणि तिच्यामागून हवेंतील लाट तिरप्या ओळीनें, सेकंदाला साडेतीनशेंच्या आसपास मीटर अशा आपल्या नेहमींच्या चालीनें, एकेका यंत्रापाशीं पोंचत डोंगर उतरत गेलेली आहे.